दगडांवर उतरू नकोस



तुझ्या मैत्रिणीच्या आईने काल आत्याला एक फोटो पाठवला. तिकडे कॅलिफोर्नियात, बर्कली मरीनाच्या कडेचे ओले दगड, त्यांवर उकिडवी बसलेली तू आणि हातभर अंतरावर घुबड. आत्याच्या काळजात धस्स झालं. बाबांना अजून कळवलेलं नाही. त्यांचं बीपी तुला ठाऊक आहे.

अगं, तिथल्या सेझार चावेझ पार्कला कडेकडेने पक्की, सपाट वाट आहे. जेमतेम दोन किलोमीटरची. शहराच्या कचऱ्याच्या भरावावर उभं राहिलेलं ते उद्यान, समोर गोल्डन गेट. गुडघे धरलेल्या माणसालाही तिथे सुखाने चालता येतं. मग वाट सोडून दगडांवर कशाला उतरायचं? डिसेंबर-जानेवारीत तिथे मोठ्या भरत्या येतात. शेवाळावरून पाय सटकला, तर हाक ऐकायला कोण असेल?

आणि त्या जिवाचं काय? बिळात राहणारं ते घुबड दीडशे ग्रॅमच्या आसपासचं. बीळ बहुधा स्वतः खोदत नाही, जमिनीतल्या खारींनी खोदलेल्या बिळांत राहतं. मरीनावर ते हिवाळ्यापुरतं येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला संकटग्रस्त ठरवण्याच्या प्रक्रियेत घेतलं आणि तोवर कायद्याचं संरक्षण दिलं. माणूस जवळ गेला की ते आडोसा सोडून उडतं, आणि वर शिकारी पक्षी घिरट्या घालत असतात. एका फोटोपायी त्याला उघड्यावर काढणं आत्याला मुळीच पटलेलं नाही.

आजोळच्या वडातला पिंगळा आठवतो ना? तो आणि हे घुबड एकाच प्रजातीतले, अथीनी. त्यांचाच भाऊबंद वन पिंगळा १८८४ नंतर कुणाला दिसलाच नव्हता. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, आपल्या शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. एवढ्या काळात तो संपला असंच अनेक जण धरून चालले होते. म्हणून म्हणते, असे जीव जपायला हवेत.

आत्या रागावली म्हणून रुसू नकोस. आत्या कित्येक वर्षं हार्बर लोकलने शिवडीवरून गेली. स्टेशनातून पायी जाता येईल एवढ्यावर चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरायचे. ऑफिस, डबा, पाळणाघर, या धावपळीत ती एकदाही तिथे उतरली नाही. आज वेळ आहे, तर गुडघे साथ देत नाहीत. तू परक्या गावात, अभ्यासातून वेळ काढून पाखरं बघायला चालतेस, याचा तिला किती आनंद होतो म्हणून सांगू!

भरतीची वेळ बघून जा. ओहोटीत विलेट, गॉडविट ही पाखरं दूर चिखलात चरत असतात. भरतीत चिखल बुडाला की काठच्या दगडांवर येऊन विसावतात. म्हणजे वाटेवरच्या बाकावरूनच छान दिसतील, आणि तू दगडांवर उतरलीस तर सगळेच उठून जातील. घुबडासाठी दुर्बीण घे. पैसे आत्या पाठवतेय, नाही म्हणू नकोस. तिथे पाच वाजताच अंधारतं, त्याआधी घरी ये. खाडीवरचा वारा बोचरा असतो, कान झाक.

रविवारी फोन कर. काय काय दिसलं ते सगळं सांग, आत्याला ऐकायचंय.