सोबतीच्या माणसाचंही बीपी बघा

अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय असो की अमरावतीचं इर्विन, रुग्णाचं नाव विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला : "संगं कोन हाये?" पुढे येते ती बहुधा बायको, सून नाहीतर लेक. केसपेपरवर तिचा मोबाइल नंबर लिहिला जातो, तिची तब्येत कोणी विचारत नाही. आजचा सल्ला तिच्यासाठी आहे. पण सांगायचा आहे तिच्या रुग्णाला आणि बाकीच्या पाहुण्यांना.

आपल्या वऱ्हाडात घरच्या माणसाचे आभार मानायची रीत नाही. ते सभेतल्या अध्यक्षांचे मानायचे! त्यात मला काही वावगं वाटत नाही. मात्र बोलण्यात नसलेली जाणीव वागण्यातही नसेल, तर सेवा करणारं माणूसच एक दिवस खाटेवर येतं. १९९९ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. जोडीदाराची सेवा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतला मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. सेवा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात मात्र तशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे माणसाला झिजवतो तो ताण, आणि तो हलका करणं घरच्यांच्या हातात असतं.

लकव्याचंच घ्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. हे काम रात्रीही चुकत नाही. एकट्या बाईने महिनोन्‌महिने ते केलं, की तिची कंबर जाते, झोप जाते आणि स्वतःची बीपीची गोळी घ्यायची राहून जाते. म्हणून रात्र वाटून घ्या : दोनपर्यंत एक, नंतर दुसरा. रुग्णाला उठवताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यांत वाका. लुळा पडलेला हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. आणि सेवा करणारीला ताट गरम असतानाच जेवू द्या. सगळ्यांचं आटोपल्यावर उरलेली भाकर आणि गार वरण तिच्या वाट्याला नको.

आता रुग्णांशी थोडं. लकव्यानंतर जवळपास तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. चिडचिड, रडू, जवळच्याच माणसावर खेकसणं हा अनेकदा आजाराचाच भाग असतो आणि त्यावर उपचार आहेत, तेव्हा ते डॉक्टरांना सांगा. "मी तुमच्यावर ओझं झालो" हे वाक्य मात्र रोज म्हणू नका. तुम्हाला ती कृतज्ञता वाटते. ऐकणारीला सेवा करून वर तुमची समजूतही काढावी लागते. त्यापेक्षा "रात्री तू उठलीस, पाठीला आराम पडला" एवढं नेमकं सांगा. वाचा गेली असेल तर चांगल्या हाताने तिचा हात दाबा.

घरच्यांनी पाठ फिरवली की काय होतं, हे अमरावतीला नवं नाही. कुष्ठरोग झाला की घर सुटायचं, अशा काळात डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं. घराने नाकारलेल्यांना तिथे उपचार मिळाले, काम मिळालं, हक्काची माणसं मिळाली. १९८२ पासून बहुविध औषधोपचार आला. आज सहा ते बारा महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी कुष्ठरोग बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्गाची भीती उरत नाही. रुग्णाला घराबाहेर काढायला तेव्हाही वैद्यकीय कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही; आज मात्र ते अजिबात नाही. तुमच्या घरात त्या काळातही कोणी रुग्णाचं ताट वेगळं केलं नसेल, तर त्या माणसाला विसरू नका.

दर्यापूर, मूर्तिजापूर, परतवाड्याहून भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही एक विनंती. केळी आणि सल्ले पुरेसे झाले. एक रात्र थांबा, घरच्या बाईला झोपू द्या. सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी अडली असेल, तर दोन दिवस वावर सांभाळा.

सोबतीच्या माणसाला दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही असं झालं, तर 'थकवा असेल' म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. जीव द्यायचे विचार बोलून दाखवले, तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा, एकटं ठेवू नका.

आणि पुढच्या तपासणीला याल, तेव्हा केसपेपर दोघांचे काढा. रुग्णाचं बीपी बघून झालं की सोबत आलेल्या माणसाचंही बघा, असं डॉक्टरांना तुम्हीच सांगा.