पन्नास मिलिमीटरचा जवान

१:३५ प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा जवान ५० मिलिमीटरचा होतो. खोलीतला उजेड मात्र त्या प्रमाणात बदलत नाही. एवढ्याशा चुण्यांत सावली नीट पडत नाही. ती ब्रशनेच घालावी लागते.

समजा, जुलै १९४४ मधला इटलीतला मराठा जवान रंगवायचा आहे. (याच महिन्यात, १० तारखेला, नाईक यशवंत घाडगे यांनी टायबर खोऱ्यात गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.) आधी करडा मॅट प्रायमर, त्यावर खाकी. वाळल्यावर पातळ केलेला गडद तपकिरी रंग चुण्यांत उतरू द्या. काळा नको, तो बुटांना. मग ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करा आणि फिकट खाकी फक्त उंचवट्यांवरून फिरवा.

खरा वेळ चेहऱ्याला द्या. ‘फ्लेश’ लिहिलेली डबी बहुधा गुलाबीसर निघते. ती जशीच्या तशी लावलीत तर आपला जवान गोरा साहेब होतो. बर्न्ट सिएनात थोडा पिवळा मिसळा. हेल्मेटच्या कडेखाली आणि हनुवटीखाली त्यातच निळ्याचा थेंब घालून गडद करा. डोळ्यांत पांढरे ठिपके देऊ नका. ही फिगर फुटावरून पाहणे म्हणजे खरा माणूस पस्तीस फुटांवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून भुवयांखालची सावली तेवढी दिसते.