नकाशावर रात्रपाळीची सही हवी

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात सध्या जिकडेतिकडे हॉस्पिटलं बांधायची बोलणी चालू आहेत. साताऱ्यात २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी आली आणि त्याच्या संकुलासाठी कृष्णानगरची पाटबंधारे खात्याची जागा ठरली. तालुक्याच्या गावांत कुठे ट्रस्ट, कुठे डॉक्टरांचा गट जागा बघत फिरतो आहे. माझी सगळी नोकरी परिचारिका म्हणून या दोन जिल्ह्यांत झाली. शेवटची वर्षं एका नव्याकोऱ्या हॉस्पिटलची मेट्रन म्हणून गेली. ते हॉस्पिटल कसं बांधलं गेलं ते मी पाहिलं, आणि बांधून झाल्यावर त्यात राबणाऱ्यांचे आणि झोपणाऱ्यांचे काय हाल झाले तेही पाहिलं. नाव सांगत नाही. विश्वस्त सद्हेतूचे होते, पैशाचीही कमतरता नव्हती. घोटाळा एकाच ठिकाणी झाला. नकाशा कागदावर होता तेव्हा, ज्यांना त्या इमारतीत रात्री काढायच्या होत्या त्यांतल्या एकालाही कोणी काही विचारलं नाही. माझी नेमणूक झाली तेव्हा वरचा स्लॅब टाकून झालेला होता.

जागा कृष्णेकाठची. काळी, सपाट, मोठ्या रस्त्याला लागून, आणि देणगीत मिळालेली. देणगीच्या जागेला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही, आणि गाडं तिथंच घसरतं. जागेची पाहणी मे महिन्यात झाली. मे महिन्यात कृष्णेकाठची कुठलीही जागा चांगलीच दिसते. शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्या दादांनी मोजणीवाल्यांना सांगितलं होतं, "२००५ ला त्या लिंबाच्या बुंध्याला पाणी हुतं." समितीच्या बैठकीत त्यावर उत्तर निघालं, की असा पूर शंभर वर्षांत एकदा येतो. मग तळघर ठरलं. जनरेटर, विजेचं मुख्य पॅनेल, औषधांचं गोदाम, धुलाई, सगळं खाली, म्हणजे वर खोल्या जास्त निघतात.

सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २००५ साली पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं, २०१९ साली साडेसत्तावन्न फुटांवर, आणि २०२१ साली पुन्हा ५५ च्या जवळ. सोळा वर्षांत तीनदा. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळं, की कोयनेच्या विसर्गामुळं, की पूररेषेत वाढलेल्या बांधकामांमुळं, यावर तज्ज्ञ वाद घालोत. हॉस्पिटल बांधणाऱ्यानं पुलावरचा आकडा मानायचा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे पाणी फाटकातून आलं नाही. तळघरातल्या गटारातून ते उलटं वर आलं. माणसं फाटकाशी वाळूची पोती रचत होती तेव्हा आत पॅनेलच्या खोलीत घोटाभर पाणी झालं होतं. भागातली वीज धोका नको म्हणून आधीच बंद केलेली, आणि जनरेटर पाण्यात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना सिस्टर आळीपाळीनं हातानं अँबू बॅग दाबून श्वास देत राहिल्या, बोटं आखडेपर्यंत. लिफ्ट बंद. रॅम्प पहिल्या नकाशात होता, पण जागा खातो म्हणून खोडला गेला होता. वॉर्डबॉयनी आणि गावातल्या पोरांनी पेशंट प्लास्टिकच्या खुर्च्यांत बसवून जिन्यावरून उतरवले आणि बोटीत नेऊन ठेवले. कुणी दगावलं नाही, ते त्या पोरांमुळं. पण सगळी औषधं चिखलात गेली, आणि फ्रीजमधली सर्पदंशावरची लसही गेली. पूर ओसरला की विंचूकाटा, सर्पदंश, जुलाब, ताप यांची रांग लागते. नेमक्या त्या दिवसांत आमचं हॉस्पिटल बंद होतं.

म्हणून जागा बघायला जाल तर ऑगस्टमध्ये जा, आणि एका पावसावर भागवू नका. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला लावा, त्यावर खूण करा, आणि पाटबंधारे खात्याच्या पूररेषेच्या नकाशाशी ताडून बघा. पॅनेल, जनरेटर, ऑक्सिजन, औषधं, रक्तपेढीचे फ्रीज त्या खुणेच्या चांगले वर हवेत. नदीच्या जिल्ह्यात तळघरात गाड्यासुद्धा लावू नयेत असं माझं मत आहे. आणखी एक गोष्ट बघायची, जी कुणीच बघत नाही: हॉस्पिटल कोरडं राहिलं तरी तिथं पोचायचा रस्ता कोरडा राहतो का? २०१९ ला सांगलीत हरभट रोड, मारुती चौक, स्टँडचा परिसर पाण्याखाली होता. दवाखाना उंचावर आणि रस्ता पाण्यात, तर तो दवाखाना कुणाच्या कामाचा?

जागा निवडायचं शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. डॉ. विल्यम वानलेस आधी सांगलीत आले होते, पण १८९४ साली त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं ते मिरजेत. मिरज रेल्वेचं जंक्शन. कर्नाटकातून, सोलापूरकडून, कोल्हापूरकडून पेशंट गाडीनं उतरायचा तो हॉस्पिटलच्या जवळच. मिरज ही डॉक्टरांची नगरी झाली त्यात वानलेसांच्या हाताचा वाटा मोठाच, पण त्या रुळांचाही आहे. आज पेशंट एसटीनं येतो, वडापच्या जीपनं येतो. एसटीचा थांबा फाटकापासून किती लांब आहे, हे जागेच्या किमतीइतकंच महत्त्वाचं आहे.

काळ्या मातीबद्दल थोडक्यात सांगते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मातीची तपासणी केल्याशिवाय पायाचा खर्च कुणी सांगू लागला तर ऐकू नका. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटणकडे बांधत असाल तर ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवा. कोयनेचा भूकंप ऐकीव गोष्ट नाही, त्या भागात आजही जमीन हलते. भूकंपाच्या भारतीय मानकांत साध्या घराच्या दीडपट ताकद धरून हॉस्पिटलचं डिझाइन करायला सांगितलं आहे, कारण भूकंपानंतर हॉस्पिटल उभंच राहायला हवं. २००१ च्या भूकंपात भूजचं सरकारी रुग्णालय कोसळलं, तेव्हा जखमींना न्यायला जागा उरली नव्हती. खांब मजबूत असून भागत नाही. गच्चीवरच्या टाक्या, ऑक्सिजनचे सिलिंडर, खोटं छत हेही बांधून पक्कं केलेलं हवं.

आगीबद्दल आणि ऑक्सिजनबद्दल मात्र थोडक्यात सांगून चालणार नाही. एकट्या २०२१ सालात महाराष्ट्रानं काय काय पाहिलं! जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. एप्रिलमध्ये नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि प्राणवायूवाचून वीसहून जास्त रुग्ण गेले. त्याच आठवड्यात विरारच्या एका हॉस्पिटलचा अतिदक्षता विभाग जळाला. नोव्हेंबरमध्ये नगरच्या सिव्हिलमध्ये तेच झालं. अशा आगीत ज्वाळेच्या आधी धूर मारतो. एसीसाठी खिडक्या कायमच्या बंद केलेल्या असल्या की धुराला बाहेर पडायला वाट नसते.

आर्किटेक्ट लोक आगीसाठी जिना दाखवतात. जिना चालत्या माणसाचा. अतिदक्षता विभागातल्या पेशंटला जिन्यानं उतरवायचं म्हणजे सलाइन, ऑक्सिजन, मॉनिटर सगळं सोडवायचं. तेवढा वेळ कुणाकडे असतो? त्यासाठी प्रत्येक मजल्याचे दोन भाग पाडावे लागतात. मध्ये भिंत आणि आग अडवणारा दरवाजा, म्हणजे एका भागात आग लागली तर पलंग ढकलत त्याच मजल्यावर पलीकडे नेता येतो. हे नंतर करता येत नाही, नकाशातच असावं लागतं. ऑक्सिजनची मोठी टाकी उघड्यावर, इमारतीपासून अंतर राखून, आणि टँकर उलटा न घेता सरळ आत येईल अशा ठिकाणी हवी. आमच्याकडे टँकर यायचा तेव्हा अपघात विभागाची दारं अर्धा तास अडायची.

आता माझ्या माणसांबद्दल. आमच्या वॉर्डात सिस्टरचं टेबल एका टोकाला होतं आणि सगळ्यांत आजारी पेशंटची खोली दुसऱ्या टोकाला, कारण तिथून डोंगर दिसतो म्हणून ती 'डीलक्स' ठरली होती. रात्री तीसेक पेशंटमागे दोन सिस्टर. एकीनं तिकडं जायचं म्हणजे इकडचे सगळे नजरेआड. भांडी आणि बेडपॅन धुवायची खोली दुसऱ्या मजल्यावर नव्हतीच. मावशी झाकलेला बेडपॅन घेऊन जिना उतरायच्या, त्याच जिन्यानं जेवणाचे डबे वर यायचे. पहिल्याच आठवड्यात एका वॉर्डबॉय मामांनी मला हाक मारली, "सिस्टर, हितनं बेड वळंना बघा." ऑपरेशन थिएटरच्या वाटेवरच्या कोपऱ्यात पलंग अडकला होता. पेशंट भूल उतरत असलेला, आणि आम्ही त्याला चादरीसकट उचलून ट्रॉलीवर घेतलं. पुढं प्रत्येक ऑपरेशनला हेच करावं लागलं.

हे टाळायला काहीच खर्च नाही. मैदानात फक्कीनं पूर्ण मापाची खोली आखा, बाजूचा कॉरिडॉर आखा, कोपरा आखा. खराखुरा पलंग आणा, सिलिंडर आणा, सलाइनचा स्टँड आणा, आणि वॉर्डबॉयला म्हणा, ने आता हा पेशंट थिएटरला. कॉरिडॉर निदान आठ फुटी लागतो, म्हणजे दोन पलंग एकमेकांशेजारून जातात. वॉर्डचा दरवाजा चार फुटी लागतो. मात्र फक्कीच्या रेषेवर पाय पडला की माणसाला जे कळतं ते आकड्यांतून कळत नाही. सिस्टरला टेबलाशी बसवून विचारा, तुला इथून किती उशा दिसतात? संडासाचं दार बाहेर उघडतं का तेही बघा, कारण पेशंट आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडतं.

आणि नातेवाईक! आमच्या नकाशात नातेवाईक नावाची जातच नव्हती. स्वागतकक्षात गुळगुळीत फरशी, काचेचं दार आणि थोडेसे सोफे. जतहून, आटपाडीहून, खटाव-माणहून पेशंटबरोबर चार माणसं येतात, भाकरीचं गाठोडं घेऊन येतात, आणि आठ-आठ दिवस राहतात. ती जातील कुठं? रात्री बाया जिन्याखाली झोपायच्या, पुरुष रस्त्यापलीकडच्या टपरीच्या फळीवर. त्यांना हाकलायला सिक्युरिटी ठेवली गेली, त्या पगारात दोन वर्षांत एक पत्र्याची धर्मशाळा झाली असती. एक ओटा, नळ, चूल किंवा गॅस, बायकांसाठी कडी असलेली न्हाणी आणि मोबाइल चार्ज करायची जागा द्या. ज्याच्या माणसाची झोप आणि जेवण नीट होतं तो पेशंट बरा होतानाही दिसतो, आणि डॉक्टरांशी भांडणंही कमी होतात. हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीवरून सांगते.

पाणी कमी धरू नका. शंभराहून जास्त खाटांच्या हॉस्पिटलला खाटेमागे रोज ४५० लिटर धरतात, आणि माणदेशात उन्हाळ्यात टँकर कुठून येणार याचं उत्तर आधीच हवं. पिवळ्या, लाल पिशव्यांतला आणि निळ्या खुणेच्या डब्यांतला कचरा ज्या वाटेनं जातो ती वाट पेशंटच्या वाटेला कुठंही छेदू देऊ नका. मृतदेह न्यायची वाटही वेगळी ठेवा. आमच्याकडे तो मुख्य दारातूनच न्यावा लागायचा, बाळंतपणाला आलेल्या पोरींच्या समोरून. ते मला आजही सहन होत नाही.

विश्वस्तांना आणि डॉक्टरमंडळींना माझी एकच विनंती आहे. बांधकाम समितीच्या ठरावात एक ओळ घाला: मेट्रन, अपघात विभागाची सिस्टर, वॉर्डबॉय आणि सफाईचा मुकादम यांनी नकाशा समजून घेऊन त्यावर सही केल्याशिवाय तो मंजुरीला जाणार नाही. आर्किटेक्टला फी देण्याआधी त्याला मिरजेत, कराडला किंवा साताऱ्यात एखाद्या चालत्या हॉस्पिटलमध्ये, परवानगी काढून, रात्री आठ ते सकाळी आठ बसवा, आणि त्याच्या शेजारी तुम्हीही बसा.