कोंबड्यांना खेळणी नकोत गं, काम दे

अगं, कोंबड्या जाळीत बंद केल्यास म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नकोस. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, वर घार घिरट्या घालते, शेजारच्या वहिनींच्या मेथीच्या वाफ्यावरून रोजची बाचाबाची, आणि त्यात हा पाऊस. जाळी घातलीस ते शहाणपणच केलंस. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, आठवतंय ना? अशी साथ आली की मोकळ्या कोंबड्याही आत घ्याव्याच लागतात. तेव्हा बंद ठेवण्यात पाप नाही. फक्त आत त्यांना दिवसभर काहीतरी करायला हवं, एवढं बघ.

खरं सांगू का, त्यांना करमणूक नको असते, काम हवं असतं. गावठी असो की गिरिराज, सगळ्यांचं मूळ लाल रानकोंबड्यात. पाय पिवळे असतील तर आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचंही थोडं रक्त त्यात आहे. हे पाखरू रानात दिवसाचा बहुतेक वेळ पाचोळा उकरत, टिपत हिंडतं. आपण काय करतो? सकाळी भांडं भरून समोर ठेवतो. पोट लगेच भरतं आणि पुढचा अख्खा दिवस रिकामा. मग समोरचीचं पीस दिसतं आणि चोच तिथे जाते.

म्हणून पहिलं काम जमिनीचं. जाळीत वीतभर जाडीचा थर दे: सुका पाचोळा, भाताचं तूस, थोडा पेंढा. वरून मूठभर कणी किंवा ज्वारी उधळ आणि बाजूला हो. तासभर नुसती उकराउकर चालेल. पावसात हा थर पत्र्याखालीच हवा बघ. ओलं झालं की डोळ्यांना झोंबणारा वास सुटतो, आणि पिल्लांना रक्ती हगवण लागायला तेवढं पुरतं. ओलं दिसलं की फावड्यानं काढ, कोरडं टाक.

दुसरं, हिरवा पाला भांड्यात घालायचा नाही, टांगायचा. कोबीचा गड्डा, शेवग्याची डहाळी, मेथीची जुडी जाळीला बांध. कोंबडीच्या डोक्याच्या जरा वर, म्हणजे प्रत्येक घासाला मान उंच करावी लागते. सुतळीची टोकं मात्र लोंबती ठेवू नकोस. कोंबडी ती गिळते आणि मग गळ्याखालची पिशवी तुंबते. कलिंगडाची सालं, दाणे काढलेलं मक्याचं कणीस, भोपळ्याचा गाभा, सगळं चालतं. मी एकदा मोठ्या हौसेनं आत आरसा टांगला होता. कोंबड्यानं दिवसभर त्याच्याशी भांडण काढलं, तेव्हा त्या फंदात तू पडू नकोस.

तिसरं, धुळीची अंघोळ. जुन्या घमेल्यात कोरडी माती, वाळू आणि चुलीची चाळलेली गार राख घाल. प्लास्टिक जाळलेली राख अजिबात नको. पंखात धूळ भरून त्या लोळतात, त्यानं पिसांतल्या उवा-पिसवा आटोक्यात राहतात. पहिल्यांदा बघशील तर कोंबडी मेली की काय असं वाटेल, इतकी ती अस्ताव्यस्त पडते. घाबरू नकोस, मजेत असते ती.

आता तुझी खरी काळजी: त्या बिचारीची पाठ उघडी पडली आहे ना? घाईनं निदान करू नकोस. तुझ्याकडे कोंबडा आहे आणि पाठीचीच पिसं गेली आहेत, तर ती बहुधा त्याच्याच प्रेमाची खूण आहे गं. नवी पिसं काड्यांसारखी फुटत असतील तर ती साधी पीसगळ. पण शेपटीजवळ टोचून रक्त आलं असेल तर तिला लगेच वेगळी काढ, कारण लाल दिसलं की सगळ्या तिथेच चोच मारतात. जखम धुऊन हळद लाव, आणि भरल्याशिवाय परत सोडू नकोस. सोडायची ती रात्री, सगळ्या दांडीवर बसल्या की. आणि कोणी सांगितलं तरी घरी चोच कापायला जाऊ नकोस.

मग कारण शोध. कोंबड्यांत मोठी-धाकटी ठरलेली असते, आणि सगळ्यात धाकटीला पळायला जागा लागते. प्रत्येकीला निदान 10 चौरस फूट अंगण हवं. तेवढं नसेल तर उंची वापर: वेगवेगळ्या उंचीवर खरबरीत फांद्या लाव, एक फळी आडवी उभी कर म्हणजे तिला मागे लपता येईल. खाद्य आणि पाणी दोन ठिकाणी ठेव. एकच दांडगी दोन्हीकडे पहारा करू शकत नाही.

लाड मात्र बेतानं. वरचं खाणं एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर प्रथिनं कमी पडतात आणि त्या पुन्हा पिसांवर येतात. बुरशीची भाकरी, कच्चा राजमा, बटाट्याची हिरवी सालं, खारवलेली मासळी, हे आत जाता कामा नये. बंद कोंबडीला खडे टिपायला मिळत नाहीत, तेव्हा जाड वाळूची वाटी ठेव. आणि तिसऱ्यांचं कालवण केलंस की शिंपल्या फेकू नकोस. वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत दे, अंड्याचं कवच घट्ट होतं. एप्रिल-मेच्या दुपारी कसलंही काम लावू नकोस, नुसतं गार पाणी आणि सावली दे.

आणि साथ नसेल, पाऊस उघडला असेल, तर संध्याकाळी तू स्वतः उभी राहून तासभर मोकळं सोड. अंधारलं की त्या आपोआप खुराड्यात परततात, मागे धावावं लागत नाही. खाद्याचा डबा वाजवून बोलवायची सवय आधीच लावलीस तर आणखी बरं.

हे सगळं एका दिवसात करायला जाशील आणि थकशील, मी ओळखते तुला. आज फक्त पाचोळा आणि दोन ठिकाणी पाणी. राखेचं घमेलं उद्या, फांद्या रविवारी. आणि पावसाळी अंधारात, पीसगळीत अंडी कमी होतातच, त्यावरून स्वतःला बोल लावायचा नाही. ऊठ बघू, पोतं कुठे ठेवलंयस?