गाडी शोरूमची, मत आपलं

प्रश्न : गाड्यांचं मला पहिल्यापासून वेड. इथल्या शोरूममध्ये जाऊन मराठीत गाड्यांचे रिव्ह्यू करायचं मनात आहे. पण ना ओळख, ना मोठं चॅनेल. डीलर गाडी देईल का? आणि त्याच्याच गाडीतला दोष त्याला चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : देईल, पण ‘चार दिवस गाडी द्या’ असं मागू नका. तशा गाड्या कंपनीच्या प्रसिद्धी विभागाकडे असतात आणि त्या नावाजलेल्यांच्या वाट्याला जातात. डीलरकडे असते ती टेस्ट ड्राइव्हची डेमो गाडी, तीही गिऱ्हाइकांतून मोकळी होईल तेव्हा. तास-दीड तास मिळाला तरी पुष्कळ.

उलट तुमच्या हाती असं काही आहे, जे मोठ्या चॅनेलवाल्यांना सहसा मिळत नाही. कंपनी रिव्ह्यूला बहुतेकदा टॉप मॉडेल पाठवते. सनरूफ, मोठा स्क्रीन, सगळा थाट. खिशाकडे बघून गाडी घेणारा मात्र खालच्या नाहीतर मधल्या व्हेरियंटवर येऊन थांबतो. त्यात मागचा वायपर आहे का, मागच्या काचा हाताने फिरवायच्या का, मधे बसणाऱ्याला हेडरेस्ट मिळतो का, हे त्याला कुणी दाखवत नाही. ती गाडी शोरूममध्ये उभीच असते. सुरुवात तिच्यापासून करा.

जायचं कधी, हेही महत्त्वाचं. महिनाअखेरीला सेल्सवाल्यांच्या डोक्यावर टार्गेट असतं. पाडवा, दसरा, धनत्रयोदशीला डिलिव्हरीची झुंबड. सगळ्यात उत्तम पितृपक्ष! नवी गाडी घरी आणायला कुणी धजत नाही, शोरूम ओस, माणसं बोलायला मोकळी. सेल्समनला होकाराचा अधिकार नसतो. थेट सेल्स मॅनेजरला भेटा. मामाच्या नाहीतर मित्राच्या गाडीचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आधीच करून न्या. सबस्क्रायबर किती, यापेक्षा तो जास्त बोलतो.

बोलणी तोंडी झाली तरी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाका : किंमत, व्हेरियंट यांची चूक दाखवलीत तर दुरुस्त करीन, मत बदलणार नाही. यावर चिडणारा डीलर आधीच कळलेला बरा. पण बहुतेकांना मागची सीट अरुंद म्हटल्याचं फारसं वाटत नाही. सर्व्हिसचं नाव निघालं की मात्र ते सावध होतात.

शूटिंगला फोन पुरतो. खर्च करायचाच तर कॉलर माइकवर करा, कारण शोरूममध्ये एसी घुमतो आणि गाणी चालू असतात. दिव्यांची लुकलुक दिसली तर सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. चकचकीत दारात तुमचंच प्रतिबिंब दिसतं, म्हणून काळा शर्ट घाला. प्लॅस्टिक न काढलेली गाडी कुणीतरी बुक केलेली असू शकते. विचारल्याशिवाय दार उघडू नका.

चालवायची असेल तर नंबरप्लेट बघा. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे गाडी अजून डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवर आहे. ती व्हिडिओसाठी बाहेर काढायच्या फंदात पडू नका. नोंदणी झालेली डेमो गाडी घ्या आणि ठोकली तर विम्यापलीकडचा खर्च कुणाचा, ते आधी विचारा. मग परवानगीने यवतेश्वरचा घाट. पाच माणसं, एसी चालू, दुसरा गिअर. इंजिनाचा दम तिथे कळतो, शहरातल्या फेरीत नाही. चालवताना कॅमेरा हातात नको, तो शेजारच्याकडे.

किंमत सांगताना ऑन-रोडच सांगा. कोटेशन मागून घ्या आणि एकेक ओळ वाचून दाखवा : आरटीओचा कर, विमा, अ‍ॅक्सेसरीज, ‘हँडलिंग’. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, हे अनेकांना माहीत नसतं. माझ्या मते हे एक मिनिट सनरूफच्या पाच मिनिटांपेक्षा मोलाचं.

आता पैसे. डीलरने रक्कम दिली, फुकट सर्व्हिस दिली, सीट कव्हर दिलं, तरी व्हिडिओच्या सुरुवातीलाच मराठीत स्पष्ट सांगायचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला चेहरा देणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. पैसे हवेतच तर डिलिव्हरीचे सोहळे शूट करून द्या, सर्व्हिसची माहिती देणारे व्हिडिओ करा आणि त्याचं रीतसर बिल लावा. रिव्ह्यू त्यात घालू नका.

आणि एकाही शोरूमने दार उघडलं नाही तर? पन्नास हजार किलोमीटर चालवलेल्या गाडीचा मालक शोधा. तो सर्व्हिसची बिलं घेऊनच बसेल तुमच्यासमोर.