सोंग घेतलेल्या रुग्णावर हात तयार होतो का?

प्रश्न : माझी मुलगी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातल्या मुली एकमेकींनाच शिकवतात, रुग्णाचं सोंग घेतलेल्या माणसाला तपासतात. यातून खरंच काही शिकता येतं का?

उत्तर : येतं, आणि तुमची काळजीही रास्त आहे. अमेरिकी न्यूरॉलॉजिस्ट हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३च्या सुमारास वैद्यकीय शिक्षणात रुग्णाचं सोंग घेण्याची ही पद्धत आणली. भूमिका करणाऱ्याला आजाराचा इतिहास, दुखण्याची जागा, चालण्याची ढब नीट शिकवलेली असते. प्रश्न चुकला, हात जोरात लागला, तर तो थांबवून सांगू शकतो. खरा रुग्ण बहुधा निमूटपणे सोसतो. ऑस्ट्रेलियात फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांचा चार आठवड्यांपैकी पाव क्लिनिकल वेळ अशा सरावाला दिला गेला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचं कौशल्य इतरांपेक्षा कमी पडलं नाही.

एकमेकींवरचा सरावही वाया जात नाही. मैत्रिणीचा निरोगी खांदा वारंवार हाताळल्याशिवाय आखडलेला खांदा हाताला कळत नाही. मात्र पक्षाघातातला स्नायूंचा ताठरपणा कुणालाही हुबेहूब वठवता येत नाही. त्यासाठी वॉर्डच हवा. शिवाय शिक्षक जवळ नसतील तर एकीची चूक सगळ्यांच्या हातात बसते.

सरावाच्या वेळी शिक्षक हजर असतात का, नंतर चुकांवर चर्चा होते का, आणि अंगाला हात लावण्याआधी मुलींची संमती घेतली जाते का, हे मुलीला जरूर विचारा. उत्तर नकारार्थी आलं, तर विभागप्रमुखांना भेटा.