चांदीकामासाठी घरी कोणता टॉर्च घ्यावा?

प्रश्न : मी घरी चांदीच्या अंगठ्या, कानातली करायला शिकते आहे. डाख देण्यासाठी कोणता गॅस टॉर्च घ्यावा? फ्लॅटमध्ये तो वापरला तर चालेल का?

उत्तर : सुरुवातीला पुन्हा भरता येणारा छोटा ब्युटेन टॉर्च पुरे. अंगठी, पेंडंट एवढं काम त्यावर होतं. जाड कड्याला मात्र तो अपुरा पडतो, कारण चांदीत उष्णता चटकन सगळीकडे पसरते. घेताना बूड रुंद आहे का, ज्योत कमी-जास्त करता येते का, हे पाहा. स्वयंपाकाच्या सिलिंडरला टॉर्च जोडण्याच्या भानगडीत पडू नका.

सांध्याला टाकणखार लावा. ज्योत थेट डाखावर न धरता आधी सगळा दागिना फिरवत तापवा. सांधा पुरेसा तापला की डाख चकाकत आपणहून फटीत धावतो. शुद्ध चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते, दागिन्यांची ९२५ शुद्धतेची मिश्र चांदी त्याआधीच. म्हणून धातू मंद लाल दिसू लागला की सावध व्हा. पोकळ मण्याला आधी भोक पाडा, नाहीतर कोंडलेल्या हवेने तो फुटू शकतो.

फ्लॅटमध्ये चालेल, पण खिडकी उघडी, खाली अग्निरोधक वीट, केस बांधलेले, अंगावर सुती कपडे आणि ओढणी बाजूला हवी. ब्युटेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. म्हणून टॉर्च पूर्ण थंड झाल्यावर, जवळपास कुठेही ज्योत नसताना, मोकळ्या हवेत भरा. आणि डाख कॅडमियमविरहितच मागून घ्या; कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक असतो.